करोडगिरीचे सेक्रेटरी

इसंबर नानांशी बोलायचं असेल तर आधी ते कुठल्या कमानीत बसलेत हे बघावं लागे. आमच्या गावात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. बाहेरगावचा माणूस मात्र हमखास फसायचा.

आमचं गाव उमापूरच्या पुढं, जुन्या हद्दीवर. हद्द म्हणजे निजामाची. गावाच्या तोंडाशी, रस्त्याला लागून एक दगडी इमारत आहे. पुढं ओटा, ओट्यावर तीन कमानी, प्रत्येक कमानीमागं एक लांबट दालन. निजामाच्या काळात हा जकातीचा नाका होता. हद्दीवरून येणारा-जाणारा माल इथं उतरवायचे, तोलायचे, जकात घ्यायचे आणि मग सोडायचे. त्या खात्याला तेव्हा करोडगिरी म्हणत. पुढं निजाम गेला, हद्द गेली, जकातही गेली, पण इमारतीचं नाव राहिलं. मी पाचवीपर्यंत असं समजत होते की तिथं कुणीतरी करोड रुपये पुरून ठेवलेत. गावातली बरीच मोठी माणसंही तसंच समजत होती, हे मला कॉलेजात गेल्यावर कळलं.

नाका बंद झाल्यावर त्या इमारतीत रेशनचं धान्य राहिलं, मग शाळा भरली, मग काही वर्षं टपाल उतरलं. मी कळती झाले तेव्हा तिथं एकाच वेळी सगळं चालायचं. डाव्या कमानीत वाचनालय आणि अभ्यासिका. मधल्या कमानीत लग्नं, बारशी, तेराव्याची जेवणं आणि पुढाऱ्यांच्या सभा. उजव्या कमानीत तालीम, आणि बाजाराच्या दिवशी तालमीच्या पोरांना बाहेर काढून जनावरांचा दवाखाना. या सगळ्यांच्या वेगवेगळ्या कमिट्या होत्या आणि सगळ्या कमिट्यांचे सेक्रेटरी एकच होते, विश्वंभर नाना. विश्वंभर हे नाव फक्त लग्नपत्रिकेत. बाकी गावाला ते इसंबर नाना.

नाना अंगानं वाळकुडे आणि उंच. धोतर, पांढरा सदरा, आणि सदऱ्याच्या खिशात किल्ल्यांचा एवढा मोठा जुडगा की सदरा कायम एका बाजूला ओघळलेला असायचा. इमारतीला कुलूप एकच होतं. बाकीच्या किल्ल्या कशाच्या, हे त्यांच्या बायकोला, नानीलाही माहीत नव्हतं. प्रत्येक कमिटी निघाली तेव्हा सेक्रेटरी कोण, असा प्रश्न आला असणार आणि प्रत्येक वेळी लोकांनी रस्त्यापलीकडं बघितलं असणार. नानांचं घर अगदी समोर होतं, शेती पुतण्या बघायचा, अक्षर चांगलं होतं, आणि निवडणुकीला ते कधी उभे राहणार नाहीत याची दोन्ही पार्ट्यांना खात्री होती.

नानांनी मात्र ही सगळी पदं फार मनावर घेतली. तिन्ही कमानीत एकेक खुर्ची ठेवली. वाचनालयाचं काम असलं की डाव्या खुर्चीत, लग्नाचं असलं की मधल्या, तालमीचं असलं की उजव्या. एका खुर्चीत बसून दुसऱ्या खुर्चीचा शब्द ते बोलायचे नाहीत.

"एका जाग्यावर बसून माणसानं दोन तोंडानं बोलू ने," असं ते म्हणायचे. "बोलायचंच असलं तर उठावं, तिकडं जाऊन बसावं, मग बोलावं."

बारावीनंतर मला बी.ए.ला घालायचं ठरलं, तेव्हा आमच्या घरात कुणी कॉलेजचं फाटकसुद्धा पाहिलेलं नव्हतं. घर एका खोलीचं, दारात शेरडं, आणि खोलीत सतत कुणी ना कुणी आजारी किंवा पाहुणं. अभ्यासाला जागा नव्हती. दादा, म्हणजे माझे वडील, मला घेऊन करोडगिरीवर गेले. नाना मधल्या कमानीत बसले होते.

"नाना, पोरीचं काम होतं," दादा म्हणाले.

"कवाची तिथी धरली?"

"तिथी न्हाई. वाचनालयात बसू द्यायचंय तिला."

"वाचनालय तिकडं हाय," नानांनी डावीकडं बोट दाखवलं आणि नजर रस्त्याकडं वळवली.

आम्ही डाव्या कमानीत गेलो. तिथं रिकामी खुर्ची. दादा बिचारे त्या रिकाम्या खुर्चीपुढं हात बांधून उभे राहिले. नाना सावकाश उठले, धोतर झटकलं, ओट्यावरून चालत आले, खुर्चीत बसले आणि आम्हाला जन्मात पहिल्यांदा बघावं तसे म्हणाले, "या. काय काम काढलं?"

दादांनी सगळं पहिल्यापासून सांगितलं.

"काय शिकायलीस?" नानांनी मला विचारलं.

"बी.ए."

"कावून?"

हा प्रश्न मला तोवर कुणी विचारला नव्हता. 'मास्तरीण व्हायचंय' एवढंच मला सुचलं.

"मग बस," नाना म्हणाले. "दिवेलागणीपस्तोर पोरींचा टाइम हाय. इथं तुझ्याकडं कुणी मान वर करून बघणार न्हाई, ह्याची हमी वाचनालयाचा सेक्रेटरी म्हणून मी देतो. रस्त्यावरचं मला सांगू नका, तो बांधकाम खात्याचा हाय."

घरी येताना दादांनी एकदा मागं वळून कमानींकडं बघितलं. मग म्हणाले, "माणूस चांगला हाय. जरा येडा हाय, पण लई चांगला हाय."

त्या हमीची खरी परीक्षा दुसऱ्या वर्षी झाली. आमची परीक्षा उद्यावर आली होती आणि मधल्या कमानीत लग्न लागलं होतं. बँडवाले ओट्यावर चढले. पहिल्याच ठोक्याला आमच्या कपाटाच्या काचा थरथरल्या. आम्ही चार-पाच पोरी एकमेकींच्या तोंडाकडं बघत बसलो. तेवढ्यात नाना डाव्या खुर्चीतून उठले, मधल्या कमानीसमोर गेले आणि रिकाम्या खुर्चीला उद्देशून मोठ्यानं म्हणाले, "सेक्रेटरी, हे काय चालवलंय? आत पोरी अभ्यास करायल्यात."

मग ते जाऊन त्या खुर्चीत बसले आणि डावीकडं बघून म्हणाले, "वर्षातून एक तिथी आसती. पाव्हण्यांनी जागा आधी धरलीय. वाजवू न्हाई तर काय करू?"

पुन्हा उठले. डावीकडं. "वाजवायला कोण नको म्हणलं? रस्त्यावर वाजवा."

पुन्हा मधे. "रस्त्यावर ऊन हाय. बँडवाले पण लेकराबाळाचेच हायेत."

वऱ्हाडी जमा झाले. नवरदेवाचा मामा तेलगावकडचा होता. त्यानं हळूच एकाला विचारलं, "ह्यो बुवा भांडायलाय कुणाशी?"

"वाचनालयाचे सेक्रेटरी हायेत," गावातल्या माणसानं सांगितलं.

"आन् समोर कोण हाय?"

"मंगल कार्यालयाचे सेक्रेटरी."

"समोर तर कुणीच न्हाई बे."

"आता न्हाई. येतेत की तिकडून."

शेवटी दोन्ही सेक्रेटऱ्यांत तडजोड झाली. बँड रस्त्यापलीकडं, खुद्द नानांच्या अंगणात वाजेल. मंगलाष्टका ओट्यावरच होतील, पण हळू. त्या दिवशी भटजींनी मंगलाष्टका कानात मंत्र द्यावा तशा म्हटल्या आणि लोकांनी अक्षता टाकल्या त्याही आवाज न करता. नवरीची मावशी बाहेर येऊन म्हणाली, "माय, मला तर मयतीला आल्यावानी वाटायलंय." अंगणात बँड वाजत होता तेव्हा नानी दोन्ही कानांवर हात ठेवून उंबऱ्यात बसली होती. आमची परीक्षा बरी गेली. ते जोडपंही सुखात आहे.

नानीला नवऱ्याच्या या खुर्च्यांचं कौतुक अजिबात नव्हतं. "तिकडं तीन कमानी हायेत, तिकडं काय करायचं ते करा म्हणावं," ती सांगायची. "घराला एकच दार हाय आन् तिथली सेक्रेटरी मी हाय."

आणखी एकदा बाजारच्या दिवशी लसीकरणाला आलेल्या एका बोकडानं खिडकीतून मान घालून वाचनालयाचं पुस्तक खाल्लं. खाल्लं म्हणजे निम्मं. जनावरांच्या दवाखान्याचे नाना सेक्रेटरी नव्हते, 'निमंत्रक' होते. हा फरक त्यांनी मला दोनदा समजावून सांगितला, तरी मला कळला नाही. तर निमंत्रक या नात्यानं त्यांनी उजव्या कमानीत उभं राहून डाव्या खुर्चीला हात जोडले आणि दिलगिरी व्यक्त केली. मग डाव्या खुर्चीत येऊन बसले आणि पुस्तकाची उरलेली पानं मोजू लागले.

"नाना, माफी मान्य केली का?" मी विचारलं.

"ईचार चालू हाय," नाना म्हणाले. "नुसतं दिलगिरी म्हणल्यानं बोकड सुधरत न्हाई."

माझ्या शेवटच्या वर्षाच्या उन्हाळ्यात इमारतीची मधली तुळई तडकली. एका सकाळी आम्ही आलो तर टेबलावर मातीचा ढीग आणि वर बोटभर फट. ग्रामपंचायतीनं सांगितलं, पावसाळ्याआधी दुरुस्ती झाली नाही तर इमारतीला कुलूप. कुलूप लागलं असतं तर तालमीची पोरं शेतात जोर मारणार होती, लग्नं मांडवात लागणार होती, जनावरांचं काय, झाडाखालीही चाललं असतं. आम्हा पोरींना मात्र घरी बसावं लागणार होतं. आणि पोरगी घरी बसली की तिच्यासाठी स्थळं यायला लागतात. माझ्या दोन मैत्रिणींकडं आली होती.

सरपंचबाईंनी धडपड करून दुरुस्तीची एक योजना शोधून काढली. निधी मिळणार होता, पण एक अट होती. इमारतीचा वापर एकच पाहिजे आणि तो पाहणीच्या वेळी साहेबांना स्पष्ट सांगितला पाहिजे. एका इमारतीला एक वापर, एक निधी.

त्यावर ओट्यावर मोठी बैठक झाली. लग्नवाले म्हणाले मंगल कार्यालय लिहा, तालीमवाले म्हणाले व्यायामशाळा लिहा. आम्ही पोरी मागं भिंतीला टेकून उभ्या होतो. आमच्या वतीनं बोलायला कुणी नव्हतं. आवाज चढला तेव्हा सरपंचबाई म्हणाल्या, "थांबा. नाना सगळ्यायचे सेक्रेटरी हायेत. नाना म्हणतील तेच लिहायचं."

नाना उठले. डाव्या खुर्चीत बसले आणि वाचनालयाबद्दल असं बोलले की आमच्या डोळ्यांत पाणी आलं. मग मधल्या खुर्चीत बसून गरिबाच्या पोरीच्या लग्नाबद्दल असं बोलले की नुकतंच लेकीचं लग्न केलेला एक माणूस उपरण्यानं तोंड पुसू लागला. उजव्या खुर्चीत बसून तालमीबद्दल बोलले तेव्हा पोरांनी टाळ्या वाजवल्या. मग दवाखान्याचे निमंत्रक म्हणून उभ्यानंच दोन शब्द बोलले. लोक दिवसभर बसले. शेवटी एकानं विचारलं, "नाना, ते सगळं खरं हाय. पण तुमचं सोताचं म्हणणं काय?"

नानांनी तिन्ही खुर्च्यांकडं बघितलं. "माझं सोताचं सांगायला," ते म्हणाले, "मी कुठं बसू?"

बैठक मोडली. नानांनी मात्र ते फार लावून घेतलं. पुढचे काही दिवस ते ओट्यावर आलेच नाहीत. मी घरी चौकशीला गेले तर नानी चुलीपुढं वैतागून बसली होती.

"जेवायला वाढलं तर ताटावर बसंनात," ती म्हणाली. "म्हणतेत, कोण म्हणून बसू? म्हणलं, भुकेला म्हणून बसा की."

नाना आतून म्हणाले, "पोरी, एकाला हो म्हणलं की बाकीच्यायचा गळा दाबला. आन् चारी वेळा हात माझाच." त्यांचा आवाज खरंच खोल गेला होता. मला येऊ घातलेलं हसू तिथंच विरलं.

पाहणीचे साहेब आले ते मोटारसायकलवर. अगदी तरुण, नवीन नोकरी, घाटाकडचे. त्यांना संध्याकाळच्या आत आणखी तीन गावं करायची होती. सरपंचबाई तालुक्याला गेलेल्या. ओट्यावर आम्ही पोरी होतो आणि आवारात, लिंबाखाली, नाना उभे होते. ते ओट्याची पायरी चढायलाच तयार नव्हते.

साहेबांनी फट बघितली, फोटो काढले आणि नानांपाशी येऊन विचारलं, "आजोबा, हे नक्की आहे काय?"

नानांनी इमारतीकडं बघितलं. डावी कमान, मधली, उजवी. त्यांच्या तोंडून शब्द फुटेना. बसलेले असते तर काहीतरी बोलले असते, पण आवारात त्यांना कुठलंच पद नव्हतं.

"करोडगिरी," शेवटी ते म्हणाले.

"काय?"

"करोडगिरी हाय ही."

साहेबांनी कपाळाला आठ्या घातल्या. "म्हणजे वापर... करोडगिरी?"

"व्हय. पहिल्यापासून."

"अजून चालू आहे?"

"बंद कवा होती?" नाना म्हणाले. "रोज उघडतो की मी."

साहेबांना तो शब्द कळला नाही, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. पण ते नवीन होते. सरकारी खात्यातला एखादा विषय आपल्याला माहीत नाही, हे चार पोरींसमोर कबूल करणं त्यांच्यानं झालं नाही. "बरोबर, बरोबर," असं म्हणत त्यांनी लिहून घेतलं आणि किक मारली.

तालुक्याहून परतल्या परतल्या सरपंचबाई धावत आल्या. "नाना, काय सांगितलंव तुमी?"

"नाव सांगितलं."

"नाव कावून? वापर सांगायचा होता की."

"वापर सांगायची माझी ताकद न्हाई, बाई," नाना म्हणाले.

आम्ही सगळ्यांनी आशा सोडली. पण ते कागद तालुक्याला गेले, तिथून वर गेले, आणि वाटेत कुणालाच तो शब्द कळला नसावा. कळला नाही म्हणून कुणी विचारलं नाही. एखाद्यानं विचारलं असतं तर त्यालाच काही येत नाही असं ठरलं असतं. निधी मंजूर झाला. पावसाच्या आधी नवी तुळई बसली, फट बुजली, आणि दर्शनी भागावर निळ्या पत्र्याची, पांढऱ्या अक्षरांची पाटी आली, 'करोडगिरी केंद्र'.

उद्घाटनाला तालुक्याहून मोठे साहेब आले. नारळ फोडून झाल्यावर त्यांनी भाषण केलं. ग्रामीण भागात करोडगिरीची आज नितांत गरज आहे, असं ते म्हणाले. शासन करोडगिरीच्या पाठीशी खंबीरपणे उभं आहे. विशेषतः तरुणींनी करोडगिरीत पुढं आलं पाहिजे. आम्ही तरुणींनी ओढण्या तोंडात कोंबल्या होत्या. नाना पहिल्या रांगेत अतिशय गंभीरपणे बसले होते आणि प्रत्येक वाक्याला मान डोलावत होते.

मागच्या रांगेत मारुतीआबा बसले होते. गावातले सगळ्यांत म्हातारे धनगर. त्यांचे वडील मेंढरांच्या कळपात मिठाच्या गोण्या दडवून हद्दीपलीकडं न्यायचे, हे ते फार अभिमानानं सांगायचे. भाषण ऐकता ऐकता आबांचा चेहरा उतरत गेला. ते माझ्या दादांच्या कानाला लागले.

"माझ्या बापाला इथंच धरलतं," ते म्हणाले. "पुन्ना सुरू करायलेत व्हय रं? मग मेंढरं आता कुठून न्यायची?"

मी त्याच वर्षी बी.ए. झाले. पुढं बी.एड. केलं, तेही त्याच टेबलावर वाचून. केंद्रात लग्नं लागत होती, तालीम चालू होती, बाजाराच्या दिवशी बोकडं खिडकीत मान घालत होती. करोडगिरी म्हणजे नेमकं काय हे वरच्या कुणाला माहीत नसल्यामुळं ती होत नाही अशी तक्रार कधीच आली नाही. नाना तिन्ही कमानींतून पूर्वीसारखे भांडत राहिले.

मला पहिली नोकरी लागली ती हद्दीपलीकडं, शेवगावच्या बाजूला एका शाळेत. मी निघाले त्या दिवशी दादा माझी पेटी एसटीत चढवून खाली उतरले, आणि गाडी गावाबाहेर पडता पडता करोडगिरीपाशी थांबली. पुढं कांद्यानं भरलेला एक टेम्पो उभा होता. त्याचा ड्रायव्हर परमुलखातला असावा. निळी पाटी बघून त्यानं गाडी थांबवली होती आणि कागद हातात घेऊन तो आवारात नानांसमोर उभा होता.

"साहेब, मागच्या खेपेला हा नाका नव्हता," तो म्हणत होता.

मी खिडकीतून बघत होते. नाना क्षणभर गोंधळले. त्यांनी मागं वळून कमानींकडं बघितलं, मग पुढं होऊन ड्रायव्हरच्या हातातले कागद घेतले. चष्मा नव्हता, म्हणून हात लांब करून धरले. उलटेसुलटे करून बघितले. टेम्पोभोवती एक चक्कर मारली, एक कांदा उचलून दाबून पाहिला, परत ठेवला.

"कांदाच हाय न्हवं?"

"कांदाच आहे, साहेब."

"जाऊ द्या," नाना कागद परत देत म्हणाले. "हारन वाजवू नका. आत पोरी वाचायल्यात."

टेम्पो गेला. ड्रायव्हरनं जाताना सलाम ठोकला. आमचा एसटीवाला गाडी काढणार तेवढ्यात नाना रस्त्यात मधोमध येऊन उभे राहिले आणि हात वर केला.

"आता ह्यो काय नवा नाका काढला बे?" ड्रायव्हर कंडक्टरला म्हणाला, पण त्यानं ब्रेक दाबला.

नाना गाडीच्या कडेनं चालत आले. एकेक खिडकी बघत माझ्या खिडकीशी थांबले. मांडीवरच्या पिशवीकडं, मग सीटखालच्या पेटीकडं, मग माझ्याकडं बघितलं. त्यांनी पत्र्यावर दोनदा थाप मारली आणि ड्रायव्हरला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "आमची हाय ही. सोडा."